परसबागेतील कीटकनिवास

महिना-दीड महिना परगावी राहून घरी परतलेल्या गृहस्थाला कधीकधी एक चमत्कारिक अनुभव येतो. दाराच्या कुलपात किल्ली शिरत नाही. बारकाईने पाहिले असता किल्लीचे भोक वाळलेल्या चिखलाने लिंपून टाकलेले आढळते. खिळ्याने टोकरून तो चिखल काढला, की त्याबरोबर थोडी पिवळी चिकट भुकटी आणि एखादी पांढरी अळी खाली पडते. दारापुढे बोचकी घेऊन ताटकळलेला गृहस्थ चरफडतो आणि हा कुणा खोडकर मुलाचा उद्योग असावा, अशी आपली समजूत करून घेतो. वस्तुतः तो उद्योग एका माशीचा असतो. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘मेगाकायली लॅनाटा’ म्हणतात. कुलूप, विजेच्या बटणाच्या फळीवरील छिद्रे, जाड पुस्तकाच्या पाठीची पोकळी, खिडकीच्या चौकटीतील खिळ्याचे रिकामे भोक यांपैकी कोणतीही जागा तिला बाळंतपणासाठी चालते. तिला चालत नाही ते एवढेच, की जागा मुळीच असू नये.

मधमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोहोळ उभे राहते. राणी, कामकरी माश्या, मधाने भरलेले कप्पे आणि छेडल्यास अंगावर धावून येणारा थवा. हे चित्र खरे असले, तरी ते फार थोड्या जातींचे आहे. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती ज्ञात आहेत आणि भारतात त्यांतील सातशेंहून अधिक आढळतात. त्यांपैकी आग्या, सातेरी, फुलोरी यांसारख्या मोजक्या जातीच मोहोळ बांधून मध साठवतात. उरलेल्या बहुसंख्य जातींना राणी नसते, प्रजा नसते आणि राखण्याजोगा मधाचा साठाही नसतो. प्रत्येक मादी एकटीच जागा शोधते, एकटीच घर सिद्ध करते आणि पिलांच्या पोषणाची तरतूद करून निघून जाते. अशा माश्यांना ‘एकाकी माश्या’ म्हणतात. सांभाळावयास मोहोळ नसल्यामुळे त्या सहसा कोणावर चाल करीत नाहीत. मुठीत धरून दाबल्यासच मादी डंख मारते. नराला तर नांगीच नसते.

या माश्या मध देत नाहीत, म्हणून माणसाने त्यांची दखल घेतली नाही. परंतु त्यांचे ऋण आपल्या ताटात रोज वाढले जाते. वांग्याच्या फुलातील परागकोश इतर फुलांप्रमाणे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाशी केवळ बारीक छिद्रे असतात. काही एकाकी माश्या आणि मोठे काळे सुतार भुंगे फुलाला बिलगून विशिष्ट गतीने अंग थरथरवतात व मिठाच्या बरणीतून मीठ झाडावे तसे पराग झाडून घेतात. ही कला मोहोळाच्या मधमाशीला साधलेली नाही. तुरीचेही असेच. तुरीच्या फुलाची खालची नावेसारखी पाकळी दाबली जाऊन आतले केसर बाहेर यावे लागतात आणि त्यासाठी पानकापी माश्यांसारखे धट्टेकट्टे पाहुणे उपयोगी पडतात. तूर बऱ्याच अंशी आपल्याच परागावर फळते हे खरे. पण हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तुरीचे संकरित वाण सिद्ध झाले, ते कीटकांच्या या येरझारांच्या भरवशावरच. ज्या झाडाला स्वतःचा पराग नाही, त्याच्यापर्यंत शेजारच्या ओळीतला पराग पोहोचवण्याचे काम तेथे वाऱ्याने होत नाही. ते माश्या करतात.

या माश्यांना पूर्वी घरांची वाण नव्हती. मातीच्या भिंती, कुडाच्या काड्या, गवताने शाकारलेली छपरे, वाशांतील भेगा, कुंपणाचे वाळके बांबू यांत त्यांची सहज सोय होई. घरे सिमेंटची झाली, कुंपणे तारेची झाली आणि बाग म्हणजे वाळकी काडी दिसताच उचलून जाळण्याची जागा, अशी समजूत रूढ झाली. फुले राहिली, पण फुलांवर येणाऱ्यांची सूतिकागृहे नाहीशी झाली. हे नुकसान भरून काढण्याचा एक लहानसा घरगुती उपाय म्हणजे कीटकनिवास.

युरोपातील उद्यानांत याला कीटकांचे ‘हॉटेल’ म्हणतात. हे नाव गमतीचे असले, तरी दिशाभूल करणारे आहे. प्रवासी यावा, रात्र काढावी आणि पुढे जावे असे येथे घडत नाही. येथे माता येते ती अंडी घालण्यासाठी; मुक्काम करतात ती पिले, आणि तोही बंद खोलीत, आठवडेच्या आठवडे. हा भेद लक्षात घेतला नाही, तर पुढील सर्व रचना चुकते.

अशा नळ्या देऊन माश्यांना जवळ बोलावण्याची युक्ती नवी नाही. दक्षिण फ्रान्समधील सेरिन्याँ या खेड्यात राहणारा थोर कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र (१८२३-१९१५) याने आपल्या अभ्यासिकेत बोरूच्या आणि काचेच्या नळ्या मांडून ठेवल्या आणि ‘ऑस्मिया’ जातीच्या माश्यांना तेथे घरटी करू दिली. काचेतून त्याला सारा संसार उघड दिसे. माशी नळीच्या तळाशी पराग व मकरंद यांचा गोळा रचते, त्यावर एक अंडे घालते आणि मातीचा पडदा उभारून तो कप्पा बंद करते. मग दुसरा कप्पा, मग तिसरा, असे करीत ती तोंडापर्यंत येते आणि शेवटी दाराला जाड बूच लावते. फाब्रला आढळलेली विशेष गोष्ट अशी, की आतल्या खोल कप्प्यांत माद्या निपजतात आणि दारालगतच्या कप्प्यांत नर. नर आधी बाहेर पडतात आणि माद्यांची वाट पाहत राहतात. एवढेच नव्हे, तर नळी आखूड किंवा अरुंद दिली, तर माशी तिच्यात केवळ नरांचीच अंडी घालते. कोणते अंडे कोठे घालावयाचे याचा निर्णय माता जागा पाहून करते, हा फाब्रचा निष्कर्ष त्या काळी धक्कादायक वाटला. आज बागेत नळ्या बांधणाऱ्याने तो प्रथम ध्यानात धरावा, कारण बाजारात मिळणाऱ्या अनेक शोभिवंत कीटकगृहांतील नळ्या वीतभर सोडाच, चार बोटेही खोल नसतात. तेथे वस्ती होते, दारे लिंपली जातात, मालक संतुष्ट होतो. आणि पुढल्या पिढीत नरांचीच गर्दी होते.

फाब्रच्या नळ्यांचा व्यावहारिक उपयोग पुढे जपानी बागाईतदारांनी केला. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून तेथील सफरचंदांच्या बागांत बोरूच्या जुड्या टांगून ऑस्मिया माश्या पाळल्या जाऊ लागल्या. ब्राझीलमध्ये कृष्णफळाच्या मळ्यांसाठी सुतार भुंग्यांना बांबूची घरे देण्याचे प्रयोग झाले आहेत. या फळाचे फूल इतके मोठे आहे, की लहान माशी त्यातला मकरंद पिऊन केसरांना स्पर्शही न करता निघून जाते.

घरगुती निवासासाठी खर्च जवळजवळ नाही. सुमारे ३० सेंटिमीटर रुंद, तितकीच उंच आणि २० सेंटिमीटर खोल अशी, पुढून उघडी व पाठीमागून बंद असलेली लाकडी पेटी पुरते. फळांच्या खोक्याच्या फळ्याही चालतात. मात्र कीडनाशक औषध पाजलेले किंवा नव्याने रंग दिलेले लाकूड वापरू नये. छप्पर उतरते असावे आणि ते पुढे आठ-दहा सेंटिमीटर आलेले असावे. यापेक्षा मोठी इमारत उभारण्याचा मोह टाळलेला बरा. परदेशी चित्रांत दिसणारे मजल्यामागून मजले, देवदाराची फळे, पेंढा, फुटकी कौले यांनी भरलेले खण डोळ्यांना गोड दिसतात, पण त्यांतील बहुतेक खण कोळी आणि झुरळे यांच्याच उपयोगी पडतात. फुलपाखरांसाठी म्हणून ठेवलेल्या उभ्या फटींत फुलपाखरे राहत नाहीत.

पेटीत मुख्यतः बांबू भरावयाचा. बांबूचे तुकडे करताना पेराच्या लगेच मागे करवत चालवावी, म्हणजे प्रत्येक तुकड्याची एक बाजू आपोआप बंद राहते. आरपार उघडी नळी माशीला नको असते; जिच्या मागच्या दाराने चोर येईल अशा खोलीत कोणती आई मूल निजवील? तुकड्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असावी. आतील पोकळी बहुतेक नळ्यांत ५ ते १० मिलिमीटर ठेवावी. पानकापी माश्यांना ६ ते ८ मिलिमीटरची पोकळी विशेष मानवते. १२ ते १८ मिलिमीटरच्या चार-दोन जाड नळ्या सुतार भुंग्यांसाठी असू द्याव्यात. त्याला आयता बांबू मिळाला, तर घराचे वासे कोरण्याचे कष्ट तो बहुधा वाचवतो. प्रत्येक नळीचे तोंड काचकागदाने घासून गुळगुळीत करावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच सर्वांत अधिक टाळले जाते. माशी नळीत कधी डोके पुढे करून, तर कधी पाठमोरी शिरते. तोंडाशी एक कूस राहिली, तरी तिचे पंख फाटतात, आणि फाटलेला पंख पुन्हा येत नाही.

नवा बांबू पोखरणाऱ्या सूक्ष्म भुंगेऱ्यांचा उपद्रव आपल्याकडे मोठा आहे. त्यावर औषध मारणे म्हणजे पाहुण्यांच्या अंथरुणावर विष शिंपडणे होय. आसामपासून केरळपर्यंत बांबूचे कारागीर बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात व मग सावलीत वाळवतात. भुंगेऱ्यांना हवा असलेला बांबूतील पिष्टांश त्याने पुष्कळसा निघून जातो. हाच मार्ग येथे अनुसरावा.

बांबूबरोबर बोरूच्या काड्या आणि एखादा लाकडाचा ठोकळाही ठेवता येईल. ठोकळ्यात गिरमिटाने भोके पाडावयाची ती लाकडाच्या रेषांना आडवी, एकमेकींपासून दोन सेंटिमीटर अंतरावर आणि पलीकडे न फोडता. रेषांच्या दिशेने पाडलेल्या भोकांभोवती ठोकळा वाळताना तडकतो व त्या भेगांतून बुरशी आणि शत्रू दोन्ही शिरतात. लघु सुतार माशी नावाची, गव्हाच्या दाण्याएवढी, हिरवट चमकदार माशी यांपैकी कशाकडेच पाहत नाही. तिला भेंड असलेली काडी हवी असते; ती काडीच्या छाटलेल्या टोकातून भेंड कोरीत आत जाते. शंकासुराची छाटणी केल्यावर उरलेल्या काड्या तिला आवडतात. त्यांची मूठभर जुडी पेटीशेजारी बांधली, की झाले.

पेटी कोठे लावावी हे तिच्या बांधणीइतकेच महत्त्वाचे आहे. जमिनीपासून एक ते दीड मीटर उंची, समोर मोकळी वाट आणि सकाळचे ऊन मिळावे असा पूर्वेचा रोख, हे सामान्यतः योग्य. थंड रक्ताच्या या जीवाला उडण्याआधी अंग तापवावे लागते. परंतु वैशाखातले दुपारचे ऊन थेट पेटीवर पडले, तर आतील अळ्या भाजून निघतील; तेथे झाडाची किंवा पडवीची सावली हवी. नैर्ऋत्य मोसमी पावसाकडे पाठ केलेली पेटी कोकणात व केरळात कोरडी राहील, पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येतो. तेथे तोंड आग्नेयेस वळवून छप्पर अधिक पुढे काढावे लागेल. काश्मीर व हिमाचलच्या थंड खोऱ्यांत ऊन अपुरे, म्हणून तेथे दक्षिण दिशा बरी. पेटी दोरीने टांगू नये. वाऱ्यावर झुलणाऱ्या दाराशी माशीला उतरता येत नाही.

आपल्या देशात सर्वांत कठीण शत्रू म्हणजे मुंग्या. परागाच्या गोळ्याचा वास लागला, की एका रात्रीत सारी नळी रिकामी होते. पेटी गुळगुळीत लोखंडी नळाच्या खांबावर बसवून खांबाभोवती वंगणाचा जाड पट्टा दिला, तर त्यांची वाट तुटते. शिवाय खालून वाळवी लागण्याचे भयही राहत नाही. जुन्या स्वयंपाकघरांत दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, तीही युक्ती चालेल. मात्र ते पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे, नाहीतर माश्यांऐवजी डासांची पैदास होईल.

निवासापासून हाकेच्या अंतरावर फुले नसतील, तर पेटी ओस पडेल. ताग, तूर, सूर्यफूल, तुळस, गोकर्ण ही साधी झाडे पुरेशी आहेत. एखाद्या सकाळी गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडांना कात्रीने काढल्यासारखे गोल, सुबक तुकडे कापलेले दिसतील. ही कीड नव्हे. पानकापी माशी लांबट तुकड्यांनी कप्प्याच्या भिंती मढवते आणि वाटोळ्या तुकड्यांचे झाकण लावते. गुलाबाचे त्याने काही बिघडत नाही. चिखल वापरणाऱ्या माश्यांसाठी मातीच्या परळात थोडी ओली चिकणमाती ठेवावी. कुलपे लिंपली जाण्याचा प्रसंगही मग बहुधा टळेल.

नळ्यांत माश्याच येतील असे नाही. शिकारी गांधीलमाश्यांच्या अनेक एकाकी जातीही येथे बिऱ्हाड करतात. कोणी कोळी आणते, कोणी टोळाच्या जातीचे कीटक आणून गवताच्या काड्यांनी दार बंद करते, तर कोणी पाने खाणाऱ्या अळ्या आणते. छपराखालच्या कोरड्या फळीवर कुंभारीण मातीची कोठी बांधते, आणि ती सोडून गेल्यावर त्याच कोठीत पुष्कळदा मेगाकायली शिरते. आणलेली शिकार मेलेली नसते; डंखाने बधिर केलेली असते, म्हणजे पिलाला अन्न ताजे मिळावे. आपल्या वेदान्तविचारात प्रसिद्ध असलेला भ्रमर-कीटक न्याय याच दृश्यावरून सुचला असावा. भ्रमरी अळीला घरात कोंडते आणि तिच्या ध्यासाने अळी स्वतःच भ्रमरी होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त. पाहणाऱ्याची नजर चुकली नव्हती. आत अळी गेली हे खरे, आणि आतून भ्रमरी निघाली हेही खरे. मधल्या अंधारात जे घडले, म्हणजे भ्रमरीच्या अंड्यातून निघालेल्या पिलाने ती अळी खाल्ली, तेवढेच बंद दाराआड राहिले. बागेच्या दृष्टीने हे भाडेकरूही मोलाचे आहेत, कारण भाजीपाल्यावरच्या अळ्यांचा फडशा त्यांच्या घरात पडतो.

आता या उपक्रमाची दुसरी बाजू. कॅनडातील टोरांटो शहरात तीन वर्षे सुमारे ६०० कीटकनिवासांचे निरीक्षण करण्यात आले. २७,००० हून अधिक माश्या व गांधीलमाश्यांची नोंद झालेला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले, की दरवर्षी जवळजवळ तीन चतुर्थांश निवासांत स्थानिक गांधीलमाश्या राहिल्या आणि नोंदलेल्या माश्यांपैकी निम्म्याच्या आसपास माश्या परदेशांतून आलेल्या जातींच्या होत्या. म्हणजे ज्यांच्यासाठी घर बांधले, ते त्यात राहतीलच अशी शाश्वती नाही. शिवाय निसर्गात ही घरटी दूरदूर विखुरलेली असतात. आपण शंभर नळ्या एका पेटीत रचतो, तेव्हा एका चाळीत शंभर बिऱ्हाडे आणून ठेवतो. तेथे रोग आणि चोर यांना घरे शोधत हिंडावे लागत नाही. कोकिळा जसे कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, तसे काही माश्या दुसरीच्या कप्प्यात अंडे घालून जातात. रत्नासारख्या हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या गांधीलमाश्या पेटीभोवती रेंगाळताना दिसतात, त्या अशाच हेतूने आलेल्या असतात. त्या मारू नयेत, त्याही बागेतल्याच. पण त्यांचे काम आपण सोपे करून ठेवू नये. म्हणून एका मोठ्या पेटीऐवजी वीस-पंचवीस नळ्यांच्या लहान जुड्या बागेत दोन-तीन ठिकाणी लावणे श्रेयस्कर.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नळ्या बदलणे. एकदा वापरलेल्या नळीत मळ, बुरशी आणि गोचिडांच्या कुळातील सूक्ष्म जीव साचतात. सपाट प्रदेशातील उष्ण हवेत पिलाची वाढ महिना-दीड महिन्यात पुरी होते आणि वर्षात अनेक पिढ्या निघतात. थंड पहाडात मात्र वर्षाला एकच. प्रत्येक जुडीवर लावल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी. पावसाळा संपल्यावर नळ्या तपासाव्यात. ज्यांची बुचे आतून फोडलेली आहेत, त्या जाळून टाकाव्यात. ज्यांची बुचे शाबूत आहेत, त्या फोडून पाहू नयेत. पुठ्ठ्याच्या एका खोक्याला बोटभर भोक पाडून त्यात त्या ठेवाव्यात आणि खोके सावलीत, नव्या जुडीच्या शेजारी टांगावे. बाहेर पडलेली माशी उजेडाकडे जाते. अंधाऱ्या खोक्यात ती सहसा परत येत नाही आणि समोरच्या स्वच्छ नळीत घर करते. ठोकळ्यातील भोकांत कागदाची गुंडाळी आधीच बसवून ठेवली असेल, तर तेथेही केवळ गुंडाळी बदलून भागते. ज्याला वर्षातून एक दिवसही यासाठी काढता येत नसेल, त्याने पेटी लावूच नये. कुंपणात वाळक्या काड्या तशाच उभ्या राहू द्याव्यात, त्याने अधिक भले होईल.

पेटीत येणाऱ्या माश्या एकाकी माश्यांतील अल्पसंख्यच होत. जवळजवळ सत्तर टक्के जाती जमिनीत बिळे करून राहतात. वांग्याचे फूल थरथरवणारी, पोटावर निळे चमकदार पट्टे असलेली माशी त्यांतलीच. तिला बांबूची नळी उपयोगाची नाही. तिच्यासाठी बागेच्या कडेला, उन्हात, हातभर लांब-रुंद अशी कठीण मातीची जागा मोकळी सोडावी. तेथे खुरपू नये, पाणी घालू नये, पालापाचोळा पसरू नये. शेजारीपाजारी तो तुकडा पाहून बाग नीट राखलेली नाही असे म्हणतील. थोड्याच दिवसांत तेथे पेन्सिलीच्या जाडीएवढी छिद्रे आणि त्यांच्याभोवती बारीक मातीचे कडे दिसू लागले, की समजावे, बिऱ्हाड आले आहे.